खुराड्याची झडती

आमच्या पाटण खोऱ्यात शेत गड्याच्या नावावर असतं, म्हैस घराची असते, पण कोंबडी बाईची असते. हे कुठल्या सातबाऱ्यावर लिहिलेलं नाही, तरी कुठल्याही वाडीत जाऊन विचारा. भाताचे पैसे दादा आणायचे, दुधाचे पैसे दादा घ्यायचे, आणि त्या पैशांना वाटा कुठं फुटायच्या ते आईला शेवटपर्यंत कळत नसे. अंड्यांच्या पैशाला मात्र कुणी हात लावत नसे. तांदळाच्या मडक्यात, तांदळाच्या खाली, एका फडक्यात ते बांधलेले असत. कासार आला की बांगड्या त्यातून, माहेराहून कुणी आलं तर चहा-साखर त्यातून. कुणी आजारी पडलं आणि दादांचा हात मोकळा नसला, तर डॉक्टरही त्यातूनच.

१९७९च्या उन्हाळ्यात मी सातवीची परीक्षा दिली. आमच्या वाडीतली शाळा तिथंच संपायची. आठवीला अडीच कोसांवरच्या गावात जावं लागे. दादांचा विरोध नव्हता, पण त्यांच्याकडं एकच वाक्य होतं, "पैसं कुठनं आणायचं?" पुस्तकं, वह्या, दोन गणवेश आणि पावसाळ्यात एस.टी.चं भाडं. आई त्यांच्याशी वादाला गेली नाही. शिवरात्र झाल्यावर तिनं तीन खुडूक कोंबड्या अकरा-अकरा अंड्यांवर बसवल्या. तिचा हिशोब सरळ होता. फाल्गुनात निघालेलं पिलू आखाडात विकण्याजोगं होतं, आणि आखाडात घरोघरी देवाला कोंबडं लागतं, तेव्हा भाव चढलेला असतो. दुकानदार आखाडापर्यंत उधारीवर थांबायला तयार होता. म्हणजे माझी आठवी त्या तेहतीस अंड्यांत होती.

सव्वीस पिलं निघाली. आई खूश होती.

आता खुराड्याविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्या खुराड्याचीच आहे. वाडीत बाकीच्यांच्या कोंबड्या डालग्याखाली असत, नाहीतर जोत्याच्या पायरीखाली ठेवलेल्या कोनाड्यात. रात्री तोंडाला दगड लावला की झालं. आमच्याकडं मात्र लाकडी खुराडं होतं. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी वर्षाची होते. आमचं घर बसलं. माणसं वाचली, भिंती गेल्या. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मातीच्या ढिगातून एकेक खांब, एकेक फळी काढून रचून ठेवली. नवं घर पत्र्याचं झालं, त्यात जुनं लाकूड सगळं लागलं नाही. उरलेल्यातून आबांनी हे खुराडं केलं. जुन्या दाराच्या सागवानी फळ्या, माळ्याच्या फणसाच्या पट्ट्या, चार पाय, वरखाली दोन खण, आत बसायला आडवे दांडे. एकही खिळा नाही. सगळे सांधे कुसवाचे आणि खिट्टीचे. पडवीत, आजीच्या अंथरुणाशेजारच्या भिंतीला ते लावलेलं होतं. चार वर्षांनी आबा गेले. आजी रात्री झोपताना हात लांबवून त्या फळीवर ठेवायची. ती फळी तिच्या लग्नातल्या दाराची होती.

चैत्र लागला आणि कोंबड्या बिघडल्या. आधी लक्षात आलं ते एवढंच, की तिन्हीसांजेला त्या खुराड्यात शिरेनात. एरवी अंधार पडायच्या आत न बोलावता आत जाणाऱ्या कोंबड्या दारापर्यंत यायच्या, मान लांब करून आत बघायच्या आणि मागं फिरायच्या. हुसकून आत घातल्या तर रात्रभर फडफड. मग त्यांनी परड्यातला शेवगा धरला. शेवग्यावरून एक रानमांजरानं नेली, आठ दिवसांनी दुसरी. ज्या आत राहिल्या त्यांचे तुरे पांढुरके पडले. अंडी निम्म्यावर आली. चैत्रात अंड्यांवर बसवलेली एक कोंबडी बाराव्या रात्री अंडी सोडून उठली ती पुन्हा बसलीच नाही. गार पडलेली अंडी आईनं एकेक उचलून उकिरड्यावर टाकली. पण खरं नुकसान पिलांचं. रोज सकाळी एखादं पाय ताणून पडलेलं असे. ना हगवण, ना मान वाकडी. मानमोडी असती तर ओळखली असती, ती घरातली सगळीच पाखरं झोडपून नेते. हे तसं नव्हतं. हातात घेतलं तर पिलू हलकं लागायचं, कापसासारखं. सव्वीसाची पंधरा झाली.

आजीलाही त्याच सुमाराला खाज सुटली. रात्रभर हात आणि पाठ खाजवायची. उष्णता झाली म्हणून तिनं सब्जा प्याला, कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ केली. एक रात्र ती माजघरात झोपली तर खाज कमी, पडवीत आली की पुन्हा सुरू. कोंबड्यांचं दुखणं आणि आजीची खाज यांचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

मनात आली ती नजर. आमच्या भिंतीला भिंत लावून चुलतीचं घर होतं. तिला पोरं नव्हती, कोंबड्या होत्या पण थोड्या. शिमग्याच्या सुमाराला ती आमच्या उंबऱ्यात उभी राहून पिलं मोजून गेली होती, "सव्वीस? बया, एवढी!" एवढंच म्हणाली होती. तेव्हा त्यात कुणाला काही वाटलं नव्हतं. पिलं मरायला लागल्यावर ते वाक्य आजीला आठवलं, मग आईला आठवलं, मग वाडीतल्या दोघी-तिघींना सांगून झालं. आजीनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, खुराड्याला काळा दोरा आणि बिब्बा बांधला. चुलतीनं दोरा बघितला. ती काही बोलली नाही, पण विस्तव मागायला, ताक न्यायला जी दिवसातून चारदा यायची ती यायची बंद झाली. दोन घरांमधली ती भिंत मला त्या महिन्यात पहिल्यांदा भिंत वाटली.

वैशाखात धनगरांचा वाडा आला. आमची वाडी कुंभार्ली घाटाच्या वाटेवर. दिवाळी झाली की देशावरचे धनगर मेंढरं घेऊन याच वाटेनं कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आधी परत वर चढायचे. परतीच्या वाटेवर दोन-तीन रात्री आमच्या मोकळ्या रानात मेंढरं बसत, रानाला खत होई, त्यांना धान्य मिळे. घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार असायचा, आणि संसाराच्या वर पाटीत कोंबड्या, दोरीनं पाय बांधलेल्या. त्यातली एक म्हातारी दरवर्षी आजीशी बोलत बसायची. त्या सांजेला ती पडवीत टेकली आणि शेवग्याकडं बघून म्हणाली, "कोंबड्या झाडावर का गं?"

आजीनं सगळं सांगितलं, नजरेचंही. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग आजीचा हात धरून वळवला आणि त्यावरचे तांबडे पुरळ बघितले.

"हे कवापासनं?"

"चैतापासनं."

"कोंबड्याबी चैतापासनंच की." ती उठून खुराड्याजवळ गेली, दांड्याच्या टोकाशी, जिथं तो खाचेत बसतो तिथं, नख घालून आली. नखावर राखेसारखी भुकटी होती, पांढरी आणि काळी मिसळलेली. "नजर न्हाई का काय न्हाई. आज रातीला सगळी निजली म्हंजी कंदील घिऊन बघा. दिवसा नगा बघू, दिवसा ते दिसायचं न्हाई. आन् पांढरं फडकं घ्या हातात."

रात्री जेवणं होऊन दोन तास गेल्यावर आईनं कंदील घेतला. मी मागं. दादा अंथरुणावर उठून बसले. आईनं खुराड्याचं दार हळूच उघडलं, दांड्याच्या खालच्या बाजूनं पांढरं फडकं फिरवलं आणि कंदिलापाशी धरलं. फडक्यावर रक्ताचा ओघळ उठला होता. एक रेघ, वीतभर. आणि त्या रेघेच्या कडेनं मोहरीहूनही बारीक, तांबडे ठिपके चालत होते.

मग कंदील आत नेला. जी फळी दिवसा नुसती जुनी फळी असायची ती हलत होती. सांध्यांतून, खिट्ट्यांच्या भोवतीनं, दाराच्या बिजागरीच्या खाचेतून त्यांच्या रांगा निघाल्या होत्या, कोंबडीच्या पायांवरून वर चढत होत्या, पोटाखाली जात होत्या. पिलं ज्या खणात होती तिथं तर बघवेना. आजी मागून आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे आपल्या पिलांचं रगत हाय." दुसरं काही बोलली नाही. मग तिनं भिंतीवर कंदील धरला. त्या भिंतीच्या पोपड्यांतूनही रांग तिच्या अंथरुणाकडं आली होती.

सकाळी म्हातारीला सांगायला मी रानात पळत गेले. ती शेणी पेटवत होती. मी तिला विचारलं, तुमच्या कोंबड्यांना हे का होत नाही? ती हसली. "आमच्या कोंबड्यास्नी घर कुठं हाय? आज हितं, उद्या तितं. पाटीत यायचं, पाटीत जायाचं. घर न्हाई म्हून घरातला किडा न्हाई. पाटीला लागलाच तर पाटी जाळायची, नवी घ्यायची. तुमचं घर लाकडाचं, जुनं, फटीफटीचं. कोंबडीला औषध करून काय हुनार? ती आजारी न्हाईच. आजारी हाय ते खुराडं."

हे तिचं वाक्य मी पुढं कितीतरी पोल्ट्रीवाल्यांना ऐकवलं आहे. कोंबडीच्या अंगावर असते ती ऊ वेगळी. ऊ तिथंच अंडी घालते, पिसांच्या मुळाशी लिखांचे पुंजके करते, दिवसा पिसं फुंकून बघितलं तरी दिसते. तिला राखेची आंघोळ पुरते. हा किडा, ज्याला शास्त्रात डर्मानिसस गॅलिनी आणि साध्या भाषेत तांबडा कोळी म्हणता येईल, तो कोंबडीवर राहतच नाही. कोळ्याच्या जातीचा, आठ पायांचा, जेमतेम एक मिलिमीटरचा. उपाशी असला की राखाडी, पोट भरलं की तांबडा. दिवसभर फटीत बसतो, रात्री येतो, तासाभरात रक्त पिऊन परत फटीत जातो. अंडी घालायची तीही फटीत. म्हणून दिवसा कोंबडी उचलून कितीही तपासा, तिच्यावर काही सापडत नाही, आणि माणूस टॉनिकाच्या, नाहीतर नजरेच्या मागं लागतो.

घरात दोन मतं पडली. दादा म्हणाले, "खुराडं परड्यात न्या, काडी लावा. दोन डालगी आणतो बाजारातनं." व्यवहारानं ते बरोबरच होतं. आजीनं नुसती मान हलवली. "त्यांनी मातीतनं उकरून काढलंय ते लाकूड. भूकंपानं न्हेलं न्हाई ते मी काडीनं जाळू?" मग दादांनी माळ्यावरचा डबा काढला. पिकावर मारायची बी.एच.सी.ची दहा टक्के पावडर होती. वाडीत ती धान्यालाही लावत, ढोरांच्या गोचिडांवरही चोळत. आईनं डबा हातातून काढून घेतला. "कोंबडी फळीवरचं टिपती. तीच अंडी उद्या मी इकणार, पोरं खानार. हे न्हाई घालायचं." तेव्हा वाडीत कुणी असं बोलत नसे. ती पावडर जनावराच्या चरबीत साठते, अंड्यात उतरते, हे मी पुढं वाचलं. १९९७ साली देशात तिच्यावर बंदी आली. आईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आपल्या हातानं विकायच्या वस्तूत विष असू नये, एवढं तिला ठाऊक होतं.

शेवटी असं ठरलं की खुराडं मोडायचं, पण जाळायचं नाही. आणि इथं आबांची कारागिरी कामाला आली. ज्या कुसवांच्या सांध्यांनी किड्यांना शंभर घरं दिली होती, त्याच सांध्यांमुळं खुराडं उलगडता आलं. खिळे मारलेले असते तर फळ्या फाटल्या असत्या. दादांनी एकेक खिट्टी ठोकून बाहेर काढली. दर खिट्टीबरोबर तांबडी-करडी भुकटी भसकन सांडे. खाली जुनं पातळ पसरलं होतं. ते तसंच गुंडाळून, आतल्या गवतासकट, आगीत टाकलं. तडतड आवाज झाला.

कोंबड्या त्याआधीच शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या डालग्यांखाली गोठ्याच्या पलीकडं हलवल्या होत्या. चुलीतली राख चाळून, त्यात कोरडी माती मिसळून एका खड्ड्यात भरली. कोंबड्यांना राखेत लोळायला शिकवावं लागत नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या पंख पसरून डोळे मिटून लोळल्या.

फळ्यांवर आधी खुरपं चाललं. वाळलेली शीट, पापुद्रे, सगळं खरवडून आगीत. मग परड्यात तीन दगड मांडून तांब्याचा हंडा चढवला. पाणी खळखळ उकळलं की आई आणि दादा लाकडाच्या पळ्यानं ते खाचांतून ओतत. कोमट पाण्याचा उपयोग नाही, वाफा यायलाच हव्यात. हा किडा ४५ अंशांच्या वर तग धरत नाही, पण लाकडाच्या पोटापर्यंत ती उष्णता पोचली तर. म्हणून वरून पाणी शिंपडून भागत नाही, दर खाचेत ओतत बसावं लागतं. खाली वाहून आलेल्या पाण्यावर तांबूस साय धरली होती.

फळ्या निथळल्यावर पत्र्यावर टाकल्या. वैशाखातला पत्रा, अनवाणी पाय ठेवता येत नाही असा. तीन दिवस वरून, तीन दिवस उलटून. सातव्या दिवशी पहाटे वारा पडलेला असताना दादांनी टेंभा केला आणि फटींवरून ज्योत फिरवली. एका जागी थांबायचं नाही, फळी काळी पडू द्यायची नाही, नुसता चटका द्यायचा. शेजारी पाण्याच्या दोन घागरी भरून ठेवलेल्या. गवताची गंज जिथून दिसते तिथं टेंभा पेटवायचा नाही, हे दादांनी आम्हाला तेव्हाच सांगून ठेवलं. पडवीत जागेवरच उभ्या असलेल्या खुराड्याला ज्योत लावून घर पेटवून घेतलेली माणसं आहेत.

मग चुना. बाजारातून कळीचा चुना आणला होता. मातीच्या डेऱ्यात खडे टाकून पाणी ओतलं की डेरा फुसफुसायला लागे, वाफ निघे. आम्हा पोरांना लांब हाकललेलं, कारण शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. रात्रभर तो तसाच ठेवून सकाळी फडक्यानं गाळला, मूठभर मीठ टाकलं, आणि घायपाताच्या कुंच्यानं दर फळीला, दर कुसवाला, खाचेच्या आत कुंचा फिरवून लावला. चुना दोन कामं करतो. फटी बुजवतो, म्हणजे लपायला जागा राहत नाही. आणि पांढरा असतो, म्हणजे पुन्हा काही आलं तर पहिल्या दिवशी दिसतं. मोठ्या भेगा चुन्यात बारीक वाळू कालवून भरल्या. आजीच्या अंथरुणामागची भिंत खरवडून नव्या शेणामातीनं लिंपली, तिची वाकळ उकळत्या पाण्यात घातली. नुसतं खुराडं साफ करून भिंत तशीच ठेवली असती तर सगळी मेहनत चार दिवसांची.

खुराडं पुन्हा जोडलं तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. दांड्यांची टोकं खाचेत बसतात तिथं करंजाच्या तेलात थोडं रॉकेल घालून भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या, कारण फटीतून कोंबडीकडं जायची वाट त्या टोकावरूनच आहे. आणि खुराडं भिंतीपासून हातभर पुढं ओढून, चारी पाय तेल-पाण्याच्या करवंट्यांत ठेवले. आत गवताऐवजी निरगुडीचा पाला घातला. निरगुडीनं किडा मरतो असं मी म्हणणार नाही. पण ती वाळली की बदलावी लागते, आणि बदलताना खालची फळी आपोआप बघितली जाते.

"संपलं?" मी विचारलं. आई म्हणाली, "म्हातारी म्हणालीय, आठव्या दिशी परत."

वाडा तोवर पुढं गेला होता. म्हातारीनं जाताना आईला एवढंच बजावलं होतं, की आज मेलं म्हणू नका, आठव्या दिवशी परत आणि पंधराव्या दिवशी परत. कारण तिला सांगता आलं नसतं, पण हिशोब पक्का होता. उन्हाळ्यात या किड्याची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात आणि आठ-दहा दिवसांत त्यातलं पिलू मोठं होऊन स्वतः अंडी घालायला लागतं. आपल्या उकळत्या पाण्यातून, चटक्यातून एखाद्या खोल भेगेतली अंडी सुटतातच. ती फुटल्यावर, पण त्यांनी नवी अंडी घालायच्या आत दुसरा हात पडायला हवा. बहुतेक लोक इथंच फसतात. पहिल्या दिवशी एवढी राबतात की दुसऱ्यांदा राबायचा जीव राहत नाही. आणि खुराडं नुसतं रिकामं ठेवून हा किडा उपाशी मरेल म्हणावं, तर तो काही खाल्ल्यावाचून कित्येक महिने फटीत काढतो.

आईनं भिंतीवर कोळशानं आठ रेघा मारल्या. आठव्या रात्री फडकं फिरवलं तर चार-पाच ठिपके. दुसऱ्या दिवशी पुन्हा दांडे काढले, पुन्हा हंडा चढवला, सांध्यांतून पाणी, चिंध्या नव्या. पंधराव्या रात्री फडकं कोरं. तरी आईनं तिसऱ्यांदा पाणी तापवलं. दादा हसले, पण लाकडं त्यांनीच फोडून दिली.

मधल्या त्या आठ दिवसांतली एक गोष्ट सांगायची राहिली. पहिलं काम उरकल्याच्या संध्याकाळी आईनं पांढरं फडकं धुतलं, वाळवलं आणि हातात घेऊन चुलतीच्या दारात गेली. मी बरोबर होते. चुलती चुलीपाशी होती, उठली नाही. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "जाऊबाई, आमच्या खुराड्यात किडा निघाला. तुमची आमची भिंत एकच हाय. तुमचंबी बघू या रातीला."

चुलती म्हणाली, "माझी नजर लागली म्हनत हुता न्हवं?"

"म्हनत हुतो," आई म्हणाली. "आत्याबाईबी म्हनत हुत्या, मीबी म्हनत हुते."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चुलतीनं कंदील खाली घेतला आणि काच पुसायला लागली. तिच्या पायरीखालच्या कोनाड्यातही फडकं तांबडं झालं. तिच्याही चार कोंबड्या महिनाभर अंडी देत नव्हत्या. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिच्या कोंबड्यांना कुणाची नजर लागली हे ती कुणाकडं बोट दाखवून म्हणणार? दुसऱ्या दिवशी तिचा कोनाडा आम्ही सगळ्यांनी मिळून खरवडला, उकळतं पाणी ओतलं, आतून चुना मारला. आजीनं काळा दोरा आणि बिब्बा आपल्या हातानं सोडून आगीत टाकला. चुलती ते बघत होती. संध्याकाळी ती विस्तव न्यायला आली.

पंधरा पिलांपैकी चौदा जगली, त्यात आठ कोंबडे. आखाडात ते विकले गेले. मी जूनमध्येच आठवीला बसले होते, दुकानदाराची उधारी आखाडात फिटली. गणवेश एकच झाला, दुसरा दिवाळीला.

ते खुराडं पुढं बरीच वर्षं टिकलं. दरवर्षी वैशाखात दादा खिट्ट्या काढायचे, फळ्या पत्र्यावर जायच्या, चुना लागायचा. घरात कुणी विचारत नसे की यंदा काढायचं का. आजी गेल्यावर आणि फळ्यांना वाळवी लागल्यावर ते संपलं. एक फळी तेवढी दादांनी देवघराखाली बसवली.

आता माझा भाचा गावाकडं गावरान कोंबड्या करतो. तीनशे पाखरं, लोखंडी जाळीची शेड, पण बसायला दांडे लाकडी. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. अंडी निम्मी झालीत, तुरे उतरलेत, खाद्य बदललं, व्हिटॅमिनं पाजली, जंताचं औषध झालं, हजारो रुपये गेले. मी विचारलं, "संध्याकाळी शेडमध्ये शिरतात का?"

"नाहीत ना मावशी. हाकलून घालाव्या लागतात. तुला कसं कळलं?"

मी त्याला सांगितलं, रात्री अकराला बॅटरी घेऊन जा, पांढरं फडकं घे, दांड्याच्या खालून फिरव. साडेअकराला फोन आला. तो काही बोलत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता.

"फडकं लाल झालं?" मी विचारलं.

"झालं."

"मग उद्या डॉक्टरांना दाखव, ते पाखरांचं काय ते बघतील. पण आधी दांडे सगळे उतरव आणि मोठ्या भांड्यात पाणी उकळायला ठेव. आणि कॅलेंडर जवळ आहे का? उद्यापासून आठवा दिवस कुठला येतो तो बघ, त्यावर गोल कर."

पलीकडं त्यानं पान उलटल्याचा आवाज आला. "मंगळवार," तो म्हणाला.

"पंधराव्यावर पण कर," मी म्हटलं.